मिस्त्री, केप बसत नाय!

दुरुस्तीला आलेली वस्तू संध्याकाळी मालकाबरोबर घरी जाते. तिच्याबरोबर आलेला किस्सा मात्र दुकानातच राहतो. कोणी न्यायला येत नाही! आमच्या रोह्याच्या दुकानात आता बंदुका उरल्यात बोटावर मोजण्याइतक्या, पण किस्से ठेवायला जागा नाही. चार जण चहाला बसले की एकेक आपोआप बाहेर पडतो.

तर मी बंदुका दुरुस्त करतो. दचकू नका! सरकारी लायसन्सवालं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आमच्याकडं येतात त्या ठासणीच्या बंदुका, शेताच्या राखणीला म्हणून लायसन्सवर मिळालेल्या. भात काढलं की शेतात वाल पेरतात, आणि वाल शेंगेला आला की डोंगरातून रानडुकरं उतरतात. आमची माणसं हवेत नुसता दारूचा बार काढतात. आवाज झाला की डुकरं पळतात, काम झालं.

या बंदुकीला मागं, घोड्याखाली, एक बारीक नळी असते. तिला निपल म्हणतात. तिच्यावर टिकलीएवढी तांब्याची केप बसवायची. घोडा पडला की केप फुटते, ठिणगी आत जाते, बार उडतो. आता नांगर धरलेल्या जाड बोटांत टिकलीएवढी केप राहील का? सटकते, गवतात पडते, मग शोधत बसा! म्हणून मी पितळेची एक पट्टी बनवली. तिच्यात केपा ओळीनं भरायच्या, टोक निपलवर दाबायचं, एक केप बसते, मागची पुढं सरकते. एक स्प्रिंग, एक खाच, बस्स!

हिच्यात बिघडण्यासारखं काहीही नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो. तरी आठवड्यातून एकदा कोणीतरी दारात उभं असतंच, "मिस्त्री, केप बसत नाय!"

आणि यंदा तर पट्टी हातात घेऊन दारात आल्या कुंदावहिनी. या रोह्याच्या वरच्या अंगाच्या गावातल्या. यांचे मालक काशिनाथभाऊ, म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. आंधळ्या माणसाला बंदुकीचं लायसन्स कोण देणार? बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. आता ती घरी आणायची तर लायसन्स वहिनींच्या नावावर व्हायला पाहिजे, आणि त्यासाठी साहेबांसमोर बंदूक भरून, उडवून दाखवायची होती. पास झाल्या तर वाल पेरायचा. नाहीतर डुकरांसाठी पेरण्यात काय अर्थ? दीर टपूनच बसले होते, जमीन फार्महाऊसवाल्याला देऊन टाकायला.

"मिस्त्रीभाऊ," वहिनी म्हणाल्या, "पट्टी बरोबर हाय. माझा हातच कापतोय."

इतक्या वर्षांत पट्टीला दोष न देणारं पहिलं गिऱ्हाईक! मी तिथंच ठरवलं, या बाईला पास करायचीच.

*

एरवी लोक काय काय सांगतात ते ऐका.

पेणच्या खाडीकडचे एक पाटील, मिठागराच्या कडेला त्यांचं भाताचं शेत. एसटीनं रोह्याला आले, सोबत बायको. पट्टी समोर आपटली.

"केप बसते, पण फुटत नाय! माल डुप्लिकेट हाय तुमचा!"

मी पट्टी उघडली. आत स्प्रिंग गंजलेली, कारण खारा वारा. आणि सगळ्या केपा तेलात नाहून निघालेल्या.

"तेल कोणी घातलं?"

"मीच. गंजली म्हणून. चांगलं खोबरेल हाय, देवाला लावतो तेच!"

"पाटील, देवाला चालतं, केपेला नाही चालत. तेल लागलं की केप मेली!" मी स्प्रिंग बदलली, नव्या केपा भरून दिल्या. मग सहज विचारलं, "मग इतके दिवस डुकरं कशी हाकललीत?"

पाटील छताकडं बघायला लागले. बायकोनं मात्र पदर तोंडाला लावला.

"काय सांगू भाऊ! हे बांधावर उभे राहून सोताच ‘ठो! ठो!’ करत होते."

"मग? पळाली का डुकरं?"

"नाय हो! पोरांना घेऊन बघायला आली!"

*

आमच्या दुकानात एक कायमचं माणूस आहे, मधू. रोह्याशेजारच्या अष्टमी गावात राहतो, कंपनीतून रिटायर झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून फर्स्ट शिफ्टला माझ्या दुकानात हजर! मी पगार देत नाही, तो काम करत नाही, त्यामुळं आमचं कधी भांडण होत नाही. पण सवय कंपनीची. काहीही बिघडलं की याला "सिस्टमनं" जायचं असतं.

एकदा मी हात धूत होतो, फोन वाजला. मधूनं उचलला. कोणीतरी सांगत होतं, पट्टी चालत नाही.

"थांबा!" मधू म्हणाला. "घाई करू नका. आधी पॉवर सप्लाय चेक करा."

पलीकडून आवाज आला, "कसला सप्लाय?"

"मेन स्विच ऑन आहे का?"

"अहो, ती पितळेची पट्टी हाय! स्विच कुठला?"

"लाईट लागत नाही म्हणता? मग फ्यूज बघा."

मी ओल्या हातानं धावत आलो. "मध्या, ठेव फोन! तिला लाईट नाही, फ्यूज नाही, काही नाही!"

मधू जरासुद्धा गडबडला नाही. फोनवर शांतपणे म्हणाला, "पॉवर नाही, मोटर नाही, म्हणजे मशीनमध्ये फॉल्ट होऊच शकत नाही. फॉल्ट ऑपरेटरचा. केपा उलट्या भरल्यात का बघा."

पलीकडं पट्टी उघडल्याची खुडबुड झाली. मग फोनमधून आवाज आला, "व्हय साहेब! उलट्याच हायत!"

त्या दिवसापासून मधू गिऱ्हाइकांना सांगतो की टेक्निकल डिपार्टमेंट त्याच्याकडं आहे!

*

हमरापूरच्या बाजूला जोहे गाव आहे. घरोघर गणपतीचे कारखाने. तिथला बबन माझ्याकडं आला तो ऐन सीझनमध्ये. कपड्यांवर रंग, भुवयांवर रंग, आणि खिशात माझी पट्टी.

"मिस्त्री, जाम झाली. लवकर करून द्या, माणसं खोळंबलीत."

मला वाटलं, डुकरं शेतात शिरली असणार. पट्टी उघडली तर आत सोनेरी रंग! खाचेत, स्प्रिंगला, सगळीकडं. आणि केपांच्या जागी एक चकाकता खडा अडकलेला.

"बबन, हे काय?"

"डायमंड! बाप्पाच्या मुकुटाला लावतो ना. बोटानं लावला की रंग फिसकटतो. हिच्यानं कसा टकाटक बसतो! दाबला की एक, दाबला की एक. आमच्या बायका म्हणतात, असलं मशीन पेणच्या बाजारात पण नाय!"

"आणि बंदूक कोणती आहे तुझ्याकडं?"

"बंदूक?" बबन एकदम दोन पावलं मागं सरला. "बंदूक कशाला लागते? ही पट्टी तर मेव्हण्याच्या घरी चुलीमागं पडलेली होती!"

मी म्हटलं, "अरे बाबा, हिच्यात चुकून एखादी जिवंत केप राहिली असती तर दाबल्यावर बाप्पाच्या डोक्यावर फुटली असती!"

बबननं कानाला हात लावला. मनापासून घाबरला बिचारा. रिकामी पट्टी धुऊन, पुसून, तीनदा तपासून मी त्याच्या हातात दिली. तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. मग निघता निघता वळला.

"मिस्त्री, मोठ्या साईजची बनवता येईल काय? मंडळाच्या मूर्तीला मोठे खडे लागतात!"

*

कुंदावहिनींची शिकवणी चालूच होती. दुकानातली एक निकामी बंदूक मी त्यांना सरावाला काढून दिली होती, आणि फुटलेल्या केपा. बाजाराच्या दिवशी नवराबायको यायचे. वहिनी बाकावर बसून पट्टी दाबायच्या, काशिनाथभाऊ शेजारी कान देऊन.

भाऊंना दिसत नाही, पण आख्खा जन्म बंदूक वापरलेला माणूस. केप नीट बसली तर आवाज वेगळा, तिरकी बसली तर वेगळा.

"‘टिक’ नाय आला गो, ‘टक’ आला. काढ, परत बसव."

"बसली हाय हो!"

"नाय बसली. डोळे मला नायत, तुला हायत. बघ खाली."

वहिनी बघायच्या, तर खरंच तिरकी! असं करता करता त्यांचा हात असा बसला की मी आणि मधू बोलायचे थांबून बघत राहायचो. कापणं तर कुठल्या कुठं गेलं.

एकदा दीर दुकानात डोकावले. बाजारात खतं घ्यायला आले होते म्हणे. उंबऱ्यातूनच बोलले, "वहिनी, बंदूक काय बाईमाणसाचं काम हाय? उगाच हसं होईल."

वहिनींनी मान वर केली नाही. केप बसवली. ‘टिक’ आवाज आला. मग म्हणाल्या, "भावजी, डुक्कर शेतात शिरताना विचारून शिरतं काय, घरात बाप्या हाय का म्हणून?"

दीर खतं न घेताच गेले.

*

निवडणूक लागली की राखणीच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हा नियम. एक म्हातारबाबा अतिशय सरळ मार्गाचे. बंदुकीबरोबर पट्टीपण जमा करून आले! मी म्हटलं, बाबा, पट्टी जमा करायची नसते. तर म्हणाले, "असू दे, सरकारशी लबाडी नको."

निकाल लागला, बंदुका परत मिळाल्या. बाबा सरळ माझ्याकडं आले. चेहरा उतरलेला.

"मिस्त्री, पट्टी खराब झाली. ठाण्यातच कळलं."

"कोणी सांगितलं?"

"हवालदारांनी. म्हणाले, बाबा, सतरा वेळा फुंकून बघितलं, तुमची शिट्टी वाजतच नाय!"

*

हल्ली व्हिडिओ कॉलवर दुरुस्ती करावी लागते. डोंगरातल्या माणसानं दोन एसट्या बदलून कशाला यायचं? असंच एक गिऱ्हाईक, गणू. त्याच्या वाडीत रेंज नाही, म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून फोन लावला.

"मिस्त्री, केप बसत नाय!"

"पट्टी दाखव."

स्क्रीनवर गणूचं नाक.

"पट्टी दाखव, नाक नको!"

पट्टी दिसली. ठीकठाक होती. म्हटलं, म्हणजे निपलवर घाण बसली असणार. "बंदूक रिकामी आहे ना? नीट बघ. केप नाही, दारू नाही?"

"नाय, साफ रिकामी."

"मग निपल दाखव."

आता गणूच्या एका हातात फोन, दुसऱ्यात बंदूक, पायाखाली टाकी. फिरवता फिरवता नळीचं तोंड बरोबर स्क्रीनवर आलं, आणि मी झपकन टेबलाखाली!

वरून मधूचा आवाज आला, "बाहेर ये! रेंज एवढी चांगली नाय त्याची!"

हसा. सगळं दुकान हसलं. पण मी सांगतो, नळी समोर आली की खाली बसायचं. रिकामी असो, फोनमधली असो, चित्रातली असो! याच सवयीवर आमच्या दोन पिढ्या धडधाकट म्हाताऱ्या झाल्या.

*

आणि मग आला वहिनींच्या परीक्षेचा दिवस.

त्याआधी वडिलांचा एक नियम सांगतो. केप फुटली आणि बार उडाला नाही, तर बंदूक रिकामी समजायची नाही. ठिणगी आत कुठंतरी धुमसत असते, आणि बार मागाहून उडू शकतो. अशा वेळी नळी डोंगराकडं धरून जागच्या जागी उभं राहायचं. किती वेळ? आमच्या गिऱ्हाइकांकडं घड्याळं कुठली! वडील सांगायचे, गणपतीची एक आख्खी आरती मनात म्हणायची. आरती संपेपर्यंत हलायचं नाही, वाकायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. मीही सगळ्यांना तेच शिकवतो. वहिनींनाही तेच शिकवलं.

मैदान डोंगराच्या पायथ्याशी. समोर कोणी नाही, नुसता उतार. साहेब नवीन, घाईत. दोन हवालदार. काशिनाथभाऊ बाजूला स्टुलावर. मी आणि मधू त्यांच्यामागं, आणि सगळ्यात मागं दीर, हाताची घडी घालून. बंदूक थेट ठाण्याच्या खोलीतून आणलेली, आख्खा पावसाळा आत काढलेली. मी म्हटलं, साहेब, एकदा पुसून देतो. तर म्हणाले, "मिस्त्री, परीक्षा त्यांची आहे, तुमची नाही."

वहिनींनी पदर खोचला. बंदूक तपासली, साफ केली, दारू घातली, गजानं ठासली. एकही चूक नाही. पट्टी काढली, निपलवर दाबली.

टिक.

काशिनाथभाऊंनी मान डोलावली. "बसली," हळूच म्हणाले.

वहिनींनी नळी डोंगराकडं तिरपी उचलली, घोडा चढवला, चाप ओढला.

फट्! केप फुटली. पण बार नाही.

मागून दीर म्हणाले, "झालं! सांगितलं होतं मी!"

वहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत. नळी डोंगराकडं, नजर डोंगराकडं.

"काय झालं?" साहेब म्हणाले. "उडाली नाही? अहो बाई, काय झालं?"

वहिनी बोलेनात. ओठ फक्त हलत होते. मला कळलं, यांची आरती सुरू झाली!

साहेबांना काय कळणार? "थांबा, मी बघतो काय अडकलंय," असं म्हणत ते तरातरा निघाले, आणि तेही बंदुकीच्या मागून नाही, पुढून! वाकून नळीतच बघायचा विचार दिसत होता. मी ओरडलो, "साहेब, थांबा!" तर वळून न बघताच म्हणाले, "परीक्षा त्यांची आहे, मिस्त्री!" वहिनींना साहेब येताना दिसले. बोलायचं नाही, हलायचं नाही, नियम म्हणजे नियम. त्यांनी एकच केलं. मनातली आरती मोठ्यानं म्हणायला लागल्या. अशी खणखणीत, की डोंगरावरून परत ऐकू आली!

स्टुलावर काशिनाथभाऊंनी टाळी धरली. आरती कानावर पडली आणि हात थांबले, असं आमच्याकडं होत नाही. मधूनं धरली. एका हवालदारानं टोपी काढली, दुसरा वाकून बूट सोडायला लागला. दीरांनीसुद्धा हाताची घडी सोडून टाळी सुरू केली.

साहेब चालता चालता थांबले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आरती चालू असताना पुढं कोण जाणार? होते तिथंच उभे राहिले, हात जोडले आणि डोळे मिटले.

नळीपासून दोन पावलांवर.

दुसरं कडवं अर्ध्यावर आलं.

धडाम्!

जाळ निघाला, धूर झाला, झाडावरचे बगळे उडाले. मधू खाली बसला. टाळ्या थांबल्या. वहिनींच्या तोंडचं कडवं तिथंच तुटलं.

धूर हळूहळू विरला. साहेब जिथल्या तिथं उभे होते. डोळे मिटलेले, हात जोडलेलेच. डोळे न उघडताच ते म्हणाले,

"थांबू नका बाई! पास आहात, पण आधी आरती पूर्ण करा!"